परत येणारा दांडा आणि न येणारी मूठ

आमच्या शाळेतले विज्ञान मंडळ दर शनिवारी शाळा सुटल्यावर भरते. मुलांनी घरातली एखादी वस्तू आणायची, तिच्याबद्दल प्रश्न विचारायचे आणि मालकाची परवानगी असेल तर ती उघडून पाहायची, एवढाच नियम. मागे एकदा दहावीतल्या एका मुलाने संगणकावर विमान उडवताना वापरायचा संच आणला. त्यात दोन वस्तू होत्या. एक जॉयस्टिक, म्हणजे बैठकीवर उभा केलेला दांडा. दुसरी थ्रॉटल, म्हणजे पुढे-मागे सरकणारी मूठ. सगळ्यांनी आळीपाळीने दोन्ही हाताळून पाहिल्या. आठवीतल्या एका मुलीने थ्रॉटल पुढे ढकलून सोडले, थोडी वाट पाहिली आणि म्हणाली, “सर, हे बिघडलंय. तो दांडा सोडला की आपोआप मधे येतो. हे येतच नाही.”

बिघडलेले काही नव्हते. पण ते परत का येत नाही, हे संच आणणाऱ्या मुलाला सांगता येईना आणि खरे म्हणजे आम्हालाही लगेच सांगता आले नाही. पुढचे तीन शनिवार त्या एका प्रश्नात गेले.

आधी दांड्याचे पाहू. विमानाच्या पंखांच्या मागच्या कडेला, टोकाकडे, हलत्या पट्ट्या असतात. त्यांना एलेरॉन म्हणतात. दांडा उजवीकडे कलवला की उजव्या पंखावरची पट्टी वर जाते आणि डाव्या पंखावरची खाली येते. उजव्या पंखाची उचल कमी होते, डाव्याची वाढते आणि विमान उजवीकडे कलू लागते. ‘कलू लागते’ या शब्दांकडे लक्ष द्या. दांडा दहा अंश कलवला म्हणून विमान दहा अंश कलून थांबत नाही. दांडा तसाच धरून ठेवला तर ते कलतच राहते. दांड्याने ठरतो तो कलण्याचा वेग, कल नव्हे. हवा तेवढा कल आला की दांडा मधे आणायचा. मग विमान साधारण त्याच कलात वळत राहते.

म्हणजे दांडा मधे असणे याचा अर्थ ‘जे चालले आहे ते चालू दे, नवा बदल नको’ असा होतो. हात सुटला, वैमानिकाचे लक्ष दुसरीकडे गेले, तर विमानाने हीच आज्ञा पाळावी हे उत्तम. म्हणून दांड्याला स्प्रिंग हवी.

थ्रॉटलने इंजिनाचा रेटा ठरतो. सरळ, एका पातळीत उडणाऱ्या विमानाला हवा सतत मागे खेचत असते. तेवढाच रेटा सतत पुढे लावावा लागतो, तोही तासन्‌तास. मूठ सोडल्यावर मागे आली तर रेटा जाईल आणि विमान खाली उतरू लागेल. इथे ‘जे चालले आहे ते चालू दे’ ही आज्ञा द्यायची असेल, तर मूठ ठेवली तिथेच राहायला हवी.

हे सांगताना आम्हाला आठवले, की त्या मुलीच्या घरी ट्रॅक्टर आहे. ट्रॅक्टरला पायाने दाबायचा अॅक्सिलरेटर असतो, तसाच स्टिअरिंगजवळ हाताचाही असतो. रोटाव्हेटर चालवताना इंजिनाचे फेरे एकसारखे हवे असतात, तेव्हा हाताचा लावून ठेवतात. पायाचा सोडला की परत येतो, हाताचा जागीच राहतो. तिला हे ठाऊकच होते. नवीन होती ती तुलना. मग एकाने विचारले, “मोटारसायकलची मूठ का परत येते?” हा प्रश्न तुम्हीही वर्गात टाकून पाहा. मोटारसायकल थांबली की ती सुरक्षित असते. विमान हवेत थांबू शकत नाही.

आत काय असते?

साध्या जॉयस्टिकमध्ये आणि थ्रॉटलमध्ये कोन मोजायला पोटेन्शिओमीटर असतो. रेडिओचा आवाज कमी-जास्त करायच्या जुन्या बटणामागे असतो, तोच. कार्बनचा गोलाकार पट्टा, त्याच्या दोन टोकांना दोन तारा आणि पट्ट्यावरून घासत फिरणारी तिसरी पट्टी. दुकानातून १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर आणा. त्यावर ‘बी’ अक्षर असलेला मागा. ‘ए’ असलेला आवाजासाठी असतो आणि त्याचा रोध कोनाच्या सम प्रमाणात बदलत नाही. दोन टोकांना दीड व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक जोडा आणि मधल्या तारेवर मल्टिमीटर लावा. कोनमापकाने दर ३० अंशांना व्होल्टता नोंदवून आलेख काढा. ‘बी’चा आलेख जवळपास सरळ रेषा येतो. जमल्यास ‘ए’चाही काढा, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल.

पहिल्या पिढीच्या घरगुती संगणकांनी ही मोजणी फार गमतीने केली होती. आयबीएमने १९८१मध्ये आपल्या संगणकासोबत जॉयस्टिक जोडायचे जे कार्ड दिले, त्यात व्होल्टता मोजायची सोयच नव्हती. पोटेन्शिओमीटरच्या रोधातून एक कपॅसिटर भरत असे आणि तो ठरावीक पातळीला यायला किती वेळ लागला, हे संगणक मोजत बसे. रोध जास्त, तर वेळ जास्त. शून्य ओहमला सुमारे २४ मायक्रोसेकंद, तर १०० किलोओहमला सुमारे ११२४. मापक नाही, तर घड्याळाने मोजा, असा हा हिशेब.

वर्गात हेच दहा हजार पट हळू करून दाखवता येते. १०० किलोओहमचा ‘बी’ पोटेन्शिओमीटर, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि तीन व्होल्ट घ्या. कपॅसिटरची दोन टोके तारेने क्षणभर जोडून तो रिकामा करा, जोडणी करा आणि त्याच्यावरची व्होल्टता २ व्होल्टला पोचेपर्यंत मुलांना मोठ्याने सेकंद मोजू द्या. बटण एका टोकाला असताना सुमारे ११ सेकंद लागतात, मधोमध असताना साडेपाच. कपॅसिटरवर छापलेल्या आकड्यात वीस टक्के इकडेतिकडे असू शकते, तेव्हा आकडे तंतोतंत जुळले नाहीत तर निराश होऊ नका. निम्म्या रोधाला निम्मा वेळ हे प्रमाण दिसले की झाले. कपॅसिटरची धन-ऋण टोके मात्र उलटी लावू नका.

त्या कार्डावर असे चारच अक्ष होते, दोन जॉयस्टिकसाठी दोन-दोन. थ्रॉटल आले, तेव्हा त्याला वेगळी जागा नव्हती. दुसऱ्या जॉयस्टिकचे अक्ष थ्रॉटलला आणि पायाच्या रडरला देऊन काम भागवले गेले. संगणकाच्या दृष्टीने थ्रॉटल ही स्प्रिंग काढलेली जॉयस्टिकच होती.

पोटेन्शिओमीटरचा दोष म्हणजे झीज. घासून-घासून कार्बन जातो, आत धूळ बसते आणि आकडे उड्या मारू लागतात. आम्ही शाळेसाठी जुन्या बाजारातून घेतलेल्या एका जॉयस्टिकवरचे विमान कोणी हात न लावता डावीकडे कलत असे. मुलांनी त्याला ‘वारा लागलाय’ असे नाव ठेवले होते. त्यावर उपाय म्हणून चांगल्या जॉयस्टिकमध्ये दांड्याच्या बुडाशी चुंबक आणि समोर हॉल संवेदक बसवतात. वीज वाहत असलेल्या पट्टीवर आडवे चुंबकीय क्षेत्र लावले, तर पट्टीच्या दोन कडांमध्ये व्होल्टता निर्माण होते, हे एडविन हॉल यांनी १८७९मध्ये दाखवले. क्षेत्र बदलले की व्होल्टता बदलते. काहीच घासत नाही, म्हणून झिजतही नाही.

६५,५३६ पायऱ्यांचे काय करायचे?

संच आणणाऱ्या मुलाला आणखी महागडी जॉयस्टिक हवी होती. तिच्या जाहिरातीत लिहिले होते की ती १६ बिटांची आहे, म्हणजे प्रत्येक अक्षावर दांड्याच्या ६५,५३६ वेगवेगळ्या जागा ओळखते. आकडा मोठा आहे आणि खोटाही नाही. पण त्याचा उपयोग किती, हे नववीच्या गणितात बसते.

टेबलावरच्या दांड्याची मूठ बिजागरीपासून साधारण १५ सेंटिमीटर वर असते असे धरा आणि दांडा दोन्ही बाजूंना २०-२० अंश कलतो असे धरा. एकूण ४० अंशांत मुठीचा प्रवास होतो सुमारे साडेदहा सेंटिमीटर. आता मुलांना डोळे दांड्यावर न ठेवता, समोर पाहत, हात ठरलेल्या जागी न्यायला सांगा आणि चूक मोजा. आमच्याकडे ती दोन मिलिमीटरच्या आसपास आली. म्हणजे हात ओळखतो त्या पायऱ्या पन्नास-बावन्न! यंत्राने त्याच अंतराच्या नुसत्या २५६ पायऱ्या केल्या, तरी एकेक पायरी ०.४ मिलिमीटरची होते. १०२४ केल्या तर ०.१ मिलिमीटर. त्यापुढचे आकडे हाताच्या उपयोगाचे राहत नाहीत.

आता दांडा लांब करा. खऱ्या विमानात दोन्ही पायांमधून वर येणारा दांडा असतो, त्याची मूठ बिजागरीपासून ६० सेंटिमीटरवर आहे असे समजू. तोच ४० अंशांचा कोन, पण प्रवास आता ४२ सेंटिमीटर आणि हाताच्या पायऱ्या दोनशेवर. चांगले संवेदक बसवून जे मिळाले नाही, ते नळीचा तुकडा जोडून मिळाले. (बैठक खुर्चीला पक्की बांधावी लागते, नाहीतर ती उलटते. आमची उलटली.) म्हणून जॉयस्टिक विकत घेताना बिट विचारण्याआधी ती हातात घ्यावी. मधल्या जागेपासून अगदी थोडी हलवताना ती अडकते का, मग एकदम सुटते का, बिजागरीत खुळखुळ आहे का, हे पाहावे. तिथे दोष असेल तर हॉल संवेदक तो दोष अधिक अचूकपणे संगणकाला कळवतो, इतकेच.

दांडा आखूड असला तरी एक युक्ती करता येते. दांड्याचा कल क्ष मानला, तर विमानाला क्ष न पाठवता ०.३ क्ष आणि ०.७ क्ष-घन यांची बेरीज पाठवायची. क्ष = ०.२ असताना उत्तर ०.०६६ येते, क्ष = ०.५ असताना ०.२४ आणि क्ष = १ असताना १. मधे विमान मवाळ, कडेला पूर्ण ताकद. वर्गात हा आलेख काढून घ्या. घनफलाचा असा व्यवहारातला उपयोग पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. थ्रॉटलला मात्र ही वक्ररेषा लावू नये. थ्रॉटलला ‘मध’ असे खास ठिकाणच नाही, तेव्हा तिथे सरळ रेषाच बरी.

संवेदनशीलता हा केवळ खेळातला प्रश्न नाही. अमेरिकेच्या वायएफ-१६ या लढाऊ विमानाचा दांडा जवळजवळ हलतच नसे. त्यावर किती जोर लावला ते मोजले जाई. २० जानेवारी १९७४ रोजी या विमानाची नुसती धावपट्टीवर वेगात पळण्याची चाचणी होती, उडायचे नव्हते. विमान हलके झाले आणि डावी-उजवीकडे डोलू लागले. डोलणे थांबवायला वैमानिक जोर लावी, पण छोट्याशा जोरालाही विमान प्रमाणाबाहेर उत्तर देई, की उलट जोर. शेपटाचा आडवा पंख धावपट्टीला घासला. जमिनीवर हे आवरत नाही असे दिसताच वैमानिक फिल ओस्ट्रायकर यांनी विमान सरळ उडवले आणि थोड्या मिनिटांनी नीट उतरवले. पुढे जमिनीवर असतानाची ती संवेदनशीलता कमी केली गेली आणि दांड्यालाही थोडीशी हालचाल देण्यात आली. हाताला काहीतरी हलल्याचे कळावे लागते.

थ्रॉटलची लांबी

अनेक स्वस्त जॉयस्टिकच्या बैठकीवरच थ्रॉटलची छोटी पट्टी असते. तिचा प्रवास चार सेंटिमीटर धरला, तर दोन मिलिमीटरची चूक म्हणजे पाच टक्के रेटा. उतरताना वेग राखायला एक-दोन टक्क्यांचे बदल करावे लागतात. त्या पट्टीवर ते साधत नाहीत. वेगळ्या थ्रॉटलची मूठ दहा-बारा सेंटिमीटर सरकते आणि चूक दोन टक्क्यांवर येते. शिवाय थ्रॉटलचा परिणाम उशिरा दिसतो. मूठ पुढे केली की जेट इंजिनाला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. अमेरिकेतले नियम मोठ्या प्रवासी विमानांच्या चढण्याच्या क्षमतेचा हिशेब करताना, मूठ पुढे केल्यानंतर आठ सेकंदांनी मिळणारा रेटा धरतात. त्यानंतर विमानाचा वेग हळूहळू वाढतो. आपण केलेला बदल लगेच दिसत नाही, म्हणून तो मोजून-मापून करता यावा लागतो आणि केल्यावर तिथेच राहावा लागतो. मूठ फार सैल असेल तर नुसत्या हाताच्या वजनाने सरकते, फार घट्ट असेल तर झटक्याने पुढे जाते. घर्षण कमी-जास्त करायचा स्क्रू असलेले थ्रॉटल बघून घ्यावे.

आमचे मत असे झाले, की प्रवासी विमान किंवा छोटे सेसना उडवायचे असेल आणि पैसे एकाच चांगल्या वस्तूपुरते असतील, तर साधी जॉयस्टिक ठेवून चांगले थ्रॉटल घ्यावे. मुलाला हे पटले नाही. त्याला लढाऊ विमाने आवडतात. तिथे दांडा सतत हलता असतो, तेव्हा त्याचेही चूक नाही.

मूठ जागीच राहते याचा धोकाही असतो. १७ जुलै २००७ रोजी ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या काँगोन्यास विमानतळावर एक एअरबस ए-३२० ओल्या धावपट्टीवर उतरले. उड्डाण-नोंदणी यंत्रातल्या नोंदीनुसार एका इंजिनाची मूठ मागे खेचली गेली होती, दुसऱ्या इंजिनाची मात्र चढणीच्या खाचेतच होती. एक इंजिन थांबवू पाहत होते, दुसरे पुढे रेटत होते. विमान धावपट्टी ओलांडून इमारतीवर आदळले आणि १९९ माणसे गेली. या विमानात स्वयंचलित यंत्रणा रेटा बदलते तेव्हा मुठी हलत नाहीत. त्या खाचेत स्वस्थ असतात. बोइंग ७३७मध्ये त्याच वेळी मोटर मुठी मागे-पुढे करते, म्हणून हाताला आणि डोळ्याला बदल कळतो.

उलट दांडा मागे काही खूण ठेवत नाही. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला जाणारे एअरबस ए-३३० अटलांटिकमध्ये कोसळले आणि २२८ जण मृत्युमुखी पडले. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने तुंबल्या होत्या, आणि त्यानंतर उजवीकडचा वैमानिक बराच वेळ नाक वर करण्यासाठी दांडा मागे ओढत राहिला. या विमानात दोन वैमानिकांचे छोटे दांडे बाजूला असतात आणि ते एकमेकांना जोडलेले नसतात. एकाने ओढलेले दुसऱ्याच्या हाताला जाणवत नाही. अपघाताला इतरही कारणे होती. पण शेजारच्या माणसाचा हात काय करतो आहे, हे दांड्यावरून कळण्याची सोय तिथे नव्हती.

घरच्या संचालाही अशा मर्यादा आहेत. बोइंगचा खेळ खेळताना संगणकाने रेटा बदलला तरी टेबलावरची मूठ सोडली तिथेच राहते. मग स्वयंचलित यंत्रणा बंद केली की रेटा एकदम मुठीच्या जागेवर उडी मारतो. बंद करण्यापूर्वी मूठ जुळवून घ्यायची सवय लावावी. खऱ्या लहान विमानात वेग वाढला की दांडा जड होतो, कारण पट्ट्यांवरचा हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तो जोर सतत धरावा लागू नये म्हणून ट्रिमचे चाक फिरवतात आणि दांडा नव्या जागी स्थिरावतो. आपल्या दांड्याची स्प्रिंग तीच आणि मध्यही तोच. ट्रिम फिरवताना दांडा हळूहळू मधे सोडत जायचे, एवढेच हातात उरते.

तिसऱ्या शनिवारी त्या मुलीने घरी केलेले थ्रॉटल आणले. चपलेच्या खोक्यात १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर, त्याच्या दांडीला पट्टीचा १५ सेंटिमीटरचा तुकडा आणि घर्षणासाठी सायकलच्या ट्यूबची कापलेली चकती, पंखाच्या नटाने आवळलेली. संगणकाला जोडायला यूएसबीवर स्वतःची ओळख जॉयस्टिक अशी करून देऊ शकणारा, आर्डुइनो लिओनार्डो हा छोटा बोर्ड आम्ही दिला. तो पूर्ण व्होल्टतेच्या १०२४ पायऱ्या करतो. पोटेन्शिओमीटर ३०० अंश फिरतो, तिची पट्टी मात्र ६० अंशच फिरत होती, म्हणजे पायऱ्या मिळाल्या दोनशेच्या आसपास. पट्टीच्या टोकाचा प्रवास सुमारे १६ सेंटिमीटर, तेव्हा एक पायरी ०.८ मिलिमीटरची, हाताच्या चुकीपेक्षा लहान. फ्लाइटगिअर हा मोफत मिळणारा कार्यक्रम लावून दहावीच्या मुलाने त्यावर सेसना उतरवले. उतरल्यावर त्याने एकच तक्रार केली, की रेटा पूर्ण मागे आला हे न बघता कळत नाही, तिथे एक खाच हवी. ती आता पट्टीखाली काडेपेटीची काडी चिकटवून बघते आहे.